देवकीच्या लेकाला

पांडुरंगा, देवकीच्या लेका,

तुझ्या जन्माआधी त्या कुशीतून काय काय गेलं होतं, ते तुला ठाऊक आहे. सहा लेकरं कंसाने बाळंतिणीच्या हातांतून ओढून नेली. सातवं योगमायेने रोहिणीच्या उदरात नेऊन ठेवलं, आणि मथुरेतली माणसं हळहळली की देवकीचा गर्भ गळाला. आठव्यांदा दिवस राहिले तेव्हा स्वतःच्या पोटावर नुसता हात ठेवायलाही त्या बाईने किती धीर गोळा केला असेल! पुराण सांगणारे तिथे फार रेंगाळत नाहीत, ते लगेच तुझ्या जन्माच्या आनंदाकडे वळतात. माझं मन मात्र तिथेच अडतं. तिच्या त्या हाताखाली तू होतास. भ्यालेल्या आईचा हात आतून कसा लागतो, हे तुझ्याइतकं कुठल्या देवाला माहीत असणार? म्हणून माझं मागणं घेऊन तुझ्यापाशी आले.

माझीही लेकरं गेली, देवा. किती, ते तुला सांगायला नको. एकाचे ठोके मी माझ्या कानांनी ऐकले होते. एका खेपेला सोनोग्राफी करणाऱ्या बाई बोलता बोलता गप्प झाल्या आणि मला पुढचं सगळं कळून चुकलं. एका खेपेला पोट दिसायला लागल्यावर गेलं. घरी आल्यावर मला पान्हा फुटला आणि प्यायला कुणी नव्हतं. या दुःखाला सुतक नाही, तेरावा नाही, भेटायला येणाऱ्यांची रांग नाही. चार दिवसांनी घर आपल्या कामाला लागतं, आणि बाईनेही लागावं अशी सगळ्यांची समजूत असते.

सध्या मी दोन तपासण्यांच्या मधे उभी आहे. पहिल्या तपासणीत माझ्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज सापडल्या. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की एकदा सापडल्या म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही. एखाद्या तापानंतर, एखाद्या संसर्गानंतर त्या तात्पुरत्याही दिसतात आणि विरून जातात. म्हणून किमान बारा आठवडे थांबायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सिडनी निकषांपासून जगभर हीच रीत आहे. हे बारा आठवडे मी तुझ्या पायांशी आणून ठेवते. बाईचा जीव एवढा थांबू शकतो, फक्त थांबायचं कशासाठी ते तिला कुणीतरी नीट सांगायला हवं.

आधी तुझी स्तुती करते, कारण ज्या शरीरावर माझा राग आहे ते तूच केलेलं आहे.

आईच्या पोटातलं मूल अर्धं बापाचं असतं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर त्याच्यावर तुटून पडतं. मग हे अर्धं परकं लेकरू ते नऊ महिने कसं सांभाळतं, हा प्रश्न पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने १९५३ साली मांडला. त्याचं पूर्ण उत्तर अजूनही शोधलं जात आहे. एरवी कणभर परक्याला न सोडणारं रक्त या एका पाहुण्यापुढे स्वतःला आवरतं. इतकंच काय, शेवटच्या महिन्यांत आई आपल्या रक्तातल्या राखण करणाऱ्या अँटिबॉडीज वारेतून बाळाला देते, म्हणजे जन्मल्यावर पहिले काही महिने त्याला रोगांशी एकट्याने झुंजावं लागू नये. कोट्यवधी बायकांच्या पोटी हे रोज, कुणाच्या लक्षातही न येता घडतं. विठ्ठला, ज्याने हे घडवलं त्याला मी हात जोडते. माझ्या पोटी ते नीट घडलं नाही, तरीही जोडते.

माझ्या बाबतीत काय झालं असावं, ते मी समजून घेतलं आहे. तुला ठाऊकच आहे, पण ज्याची भीती वाटते ते तुझ्यापुढे मोठ्याने म्हटलं की माझी भीती कमी होते. माझ्या रक्ताने माझ्याच शरीरातल्या एका प्रथिनाला परकं मानलं असावं. बीटा-२ ग्लायकोप्रोटीन असं त्याचं नाव. ते पेशींच्या पातळ वेष्टनाला जाऊन चिकटतं, आणि वार जिथे आकार घेते तिथल्या पेशींवर तर ते पुष्कळ असतं. रोपाने जमिनीत मुळं धरावीत तशा त्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत उतरतात आणि आईच्या रक्तापर्यंत पोचतात. या अँटिबॉडीज नेमक्या तिथे जाऊन बसतात, पेशींना खोल उतरू देत नाहीत, आजूबाजूला दाह पेटवतात आणि कधी बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करतात. मग लेकराला पुरेसं मिळत नाही. कधी ते सुरुवातीलाच जातं, कधी ठोके आल्यावर जातं, कधी त्याची वाढ खुंटते, कधी आईचा रक्तदाब चढून ते वेळेच्या कितीतरी आधी बाहेर काढावं लागतं.

यात पपईचा कुठे संबंध आहे, देवा? जिन्याचा, दुचाकीचा, ग्रहणात हातात धरलेल्या विळीचा कुठे आहे? कुणाच्या नजरेचा, माझ्या नोकरीचा, माझ्या पायगुणाचा कुठे आहे? तरी हे सगळे बोल माझ्यापर्यंत आधी पोचले आणि कारण फार उशिरा पोचलं. माझ्या सगळ्या मागण्यांच्या मुळाशी ही एकच मागणी आहे, पांडुरंगा: बाईपर्यंत बोल पोचायच्या आधी कारण पोचू दे.

ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. ज्या रक्ताने आमची लेकरं नेली, त्याच रक्ताने एका काळी बायकांवर खोटी साक्षही दिली. १९०६ साली जर्मनीत वासरमन यांनी सिफिलिसची, म्हणजे लोक जिला गरमी म्हणतात त्या रोगाची, रक्ततपासणी शोधली. तिच्यासाठी सुरुवातीला त्या रोगाने जन्माआधीच दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरत. पुढे कळलं की बैलाच्या निरोगी हृदयाचा अर्कही तेच काम करतो. १९४१ मध्ये अमेरिकेत ऑल्बनीच्या सरकारी प्रयोगशाळेत मेरी पँगबॉर्न या बाईंनी त्या हृदयातला नेमका पदार्थ वेगळा काढला. त्याला कार्डिओलिपिन म्हणतात. आमच्यासारख्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज त्याच पदार्थाला चिकटतात. म्हणून रोग नसतानाही तपासणी 'रोग आहे' असं सांगायची. १९५७ साली स्वीडनमधले लॉरेल आणि इंगा मारी निल्सन यांनी अशी खोटी साक्ष देणारं रक्त आणि पुन्हा पुन्हा गर्भ जाणं यांची गाठ एकत्र पाहिली. त्याआधी किती बायकांनी लेकरूही गमावलं असेल आणि वर आपल्या चारित्र्याचा खुलासाही देत बसल्या असतील! त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. तुझ्या दरबारात तरी त्यांचा न्याय झालेला असू दे.

आणि कार्डिओलिपिनवर आधारलेली तपासणी आजही गेलेली नाही. आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईच्या रक्ताची व्हीडीआरएल तपासणी सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण खरा रोग असेल तर बाळाला वाचवता येतं. माझं मागणं एवढंच, की कागदावर पॉझिटिव्ह आलं तर तो कागद घरच्यांसमोर वाचून दाखवण्याआधी डॉक्टरांनी दुसरी, पक्की तपासणी करावी. एका अर्ध्या खऱ्या कागदाने बाईचं घर मोडू नये.

आता तुझे आभार मानायचे आहेत. हे ऋण मोठं आहे.

१९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अँटिबॉडीज, रक्ताच्या गुठळ्या आणि वारंवार जाणारे गर्भ यांना एका आजाराच्या नावाखाली आणलं. त्यांच्या बुद्धीतून तू आमच्यासाठी वाट काढलीस. त्याही आधी, १९१६ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. हाती आलं ते नेमकं उलट, रक्त गोठू न देणारं. कुत्र्याच्या यकृतातून निघालेलं ते पुढे हेपॅरिन झालं. त्या मुलाच्या स्वप्नातही आम्ही नव्हतो. पण शोधणाऱ्याला एक हवं असताना तू दुसरं हातात ठेवतोस आणि ते कुणाकुणाच्या कामी येईल ते आधीच जाणतोस.

त्या मुक्या जनावरांसाठीही तुला नमस्कार करते. आज हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. आमची तपासणी बैलाच्या हृदयावर उभी राहिली. आम्ही तुळशीमाळ घालणारी माणसं. कुणाच्या जिवावर आपलं लेकरू वाचतं, हे विसरून कसं चालेल? ज्यांनी स्वतःहून दिलं नाही आणि ज्यांच्याकडून घेतलं गेलं, त्या सगळ्या जिवांना तुझ्या पायांशी जागा दे.

आणि त्या बायकांना माझा नमस्कार पोचव, ज्यांनी आपलं दुःख अभ्यासासाठी पुढे केलं. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ९० जणींनी या अँटिबॉडीज अंगात असताना पुन्हा गर्भ राहण्याचं धाडस केलं. ४५ जणींना रोज थोडं ॲस्पिरिन दिलं, ४५ जणींना ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिनही. पहिल्या गटात १९ जणींच्या घरी जिवंत मूल आलं, दुसऱ्या गटात ३२ जणींच्या. १९९७ साली हे छापून आलं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक एवढा मोठा दिसला नाही, तरी आज डॉक्टर याच वाटेने आम्हाला नेतात. ते ३२ पाळणे मला दिसतात, देवा, आणि त्यांच्या शेजारी रिकामे राहिलेले १३ही दिसतात. तू दोन्हींकडे बघतोस ना? ज्यांच्या घरी मूल आलं नाही त्यांच्यामुळेही आमची वाट थोडी उजळली, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. तू सांग.

एक गोष्ट कळल्यापासून मला फार धीर आला आहे. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. ते आईच्या बाजूला राहूनच काम करतं. न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर केलेल्या आणि २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं, की रक्त पातळ करणारी इतर औषधं या अँटिबॉडीज टोचलेल्या उंदरिणींच्या पिल्लांना वाचवू शकली नाहीत. हेपॅरिनने वाचवलं, कारण त्याने वारेपाशी पेटलेला दाह शांत केला. उद्या माझ्या वाट्याला ती सुई आली, तर रोज पोटाच्या कातडीत घुसणाऱ्या त्या सुईला मी तुझ्या सुदर्शनाच्या जागी मानेन. उत्तरेच्या गर्भावर अश्वत्थाम्याचं अस्त्र आलं तेव्हा तू आत जाऊन परीक्षितीला राखलंस. आता तू बारीक सुईच्या टोकावर बसून येत असशील, तर मी तुला ओळखीन आणि पोटावरच्या काळ्यानिळ्या डागांची तक्रार करणार नाही.

आता मागते, विठ्ठला. एकेकासाठी मागते.

प्रयोगशाळेत माझं रक्त हाताळणाऱ्या त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी मागते. लुपस अँटिकोॲग्युलंट ही या अँटिबॉडीज शोधायच्या तपासण्यांतली सगळ्यात अवघड तपासणी. रक्त निळ्या झाकणाच्या नळीत नेमक्या मापाने घ्यावं लागतं, दोनदा फिरवून प्लेटलेट वेगळ्या काढाव्या लागतात आणि हे सगळं वेळेत व्हावं लागतं. काचेच्या नळीत हे रक्त उशिरा गोठतं आणि शरीरात मात्र गुठळ्या करतं, असं त्याचं उलटं वागणं आहे. त्या मुलाचा हात घाईत चुकू देऊ नकोस. त्याला पगार वेळेवर मिळू दे, दुपारचं जेवण निवांत मिळू दे. कुणाचं तरी अख्खं आयुष्य त्याच्या हातातल्या नळीत आहे, हे त्याला ओझं न वाटता मोल वाटू दे.

डॉक्टरांसाठी मागते. त्यांना शोधायची जिद्द दे आणि थांबायचा विवेकही दे. लागोपाठ गर्भ जाणाऱ्या शंभर बायकांत साधारण पंधराजणींच्याच रक्तात या अँटिबॉडीज सापडतात. बाकीच्यांचं कारण वेगळं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांच्या जुळणीतच दोष असतो आणि आईच्या रक्तावर इलाज करून तो जात नाही. म्हणून ज्या बाईत हा आजार नाही तिच्या पोटात महिनोन्‌महिने सुया टोचल्या जाऊ नयेत. ज्या तपासण्यांनी काहीच ठरत नाही, त्यांची यादी तिच्या पदरात टाकली जाऊ नये.

आशेचा धंदा करणाऱ्यांच्या मनात तुझी भीती घाल. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून बायकोला टोचायच्या, म्हणजे तिचं शरीर त्याच्या लेकराला स्वीकारेल, असा एक उपाय निघाला. ऐकायला किती खरा वाटतो! अमेरिकेत आणि कॅनडात त्याची कसून परीक्षा झाली, आणि १९९९ मध्ये छापून आलं की फायदा दिसला नाही. त्याआधी, १९९७ मध्ये छापून आलेल्या टोरोंटोच्या अभ्यासात, पुन्हा पुन्हा गर्भ गेलेल्या बायकांना ॲस्पिरिनबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन पाहिल्या. जगणाऱ्या बाळांची संख्या खात्रीने वाढली नाही, उलट पुष्कळ बाळं वेळेआधी आली. तरी हे उपाय विकले जातात आणि जोडपी दागिने मोडून ते विकत घेतात. लेकरू गमावलेल्या बाईला 'हे करून बघा' असं कुणी म्हटलं की ती नाही म्हणू शकत नाही. तिच्या या नकार देऊ न शकण्यावर कुणाचीही पोळी भाजू देऊ नकोस.

माझ्या घरासाठी मागते. सासूबाईंनी माझ्यासाठी त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी केला, श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीपुढे पुरणाचे दिवे लावून ओवाळलं. त्यांची माया तुला ठाऊक आहे. त्यांच्या श्रद्धेला मी कधी उणं म्हणणार नाही. पण 'आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं' हे त्यांच्या तोंडून निघतं तेव्हा माझ्या काळजात काय होतं, तेही तुला ठाऊक आहे. त्यांच्या पूजेला फळ दे, आणि त्या वाक्यातून त्यांची सुटका कर. त्यांच्याही मागे त्यांच्या सासूचे बोल आहेत, आणि त्यांनीही काहीतरी गमावून गिळलेलं आहे असं मला वाटतं. तेही दुःख आज माझ्याबरोबर तुझ्यापुढे येऊ दे.

माझ्या नवऱ्यासाठी मागते. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तो बसून असतो, बिलाच्या खिडकीशी उभा राहतो, औषधं आणतो, आणि सगळे त्याला विचारतात, 'ती कशी आहे?' त्याचं काय गेलं, हे कुणी विचारत नाही. पुरुषाने रडायची जागा आमच्या घरात कुणी केलेली नाही. तुझ्या गाभाऱ्यात ती आहे. पायांवर डोकं ठेवल्यावर कुणाचे डोळे ओले झाले तर तिथे कुणी विचारत नाही. त्याला तिथे घेऊन ये.

डोहाळजेवणाच्या घरांसाठी मागते. ओटी भरायला बायका पुढे होतात, तेव्हा जिचं लेकरू गेलं तिच्याकडे हळूच नजर जाते आणि कुणीतरी म्हणतं, तिला राहू दे. त्या क्षणी एखाद्या जाणत्या बाईने तिचा हात धरून तिला पुढे न्यावं, अशी बुद्धी दे. तिच्या हातचे तांदूळ आणि खण अशुभ नसतात. मूल गमावलेल्या बाईइतकी दुसऱ्याचं लेकरू सुखरूप येण्याची आस कुणाला असते?

आणि ज्यांच्यापर्यंत यांतलं काहीच पोचत नाही, त्यांच्यासाठी पदर पसरून मागते. कायद्याने गर्भ गेलेल्या नोकरदार बाईला सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली आहे. कायदा चांगला आहे. पण कितीजणींना तो माहीत असतो, आणि माहीत असून कितीजणी साहेबांपुढे ते तोंडाने म्हणू शकतात? त्याहून पुढे जाऊन मी ऊसतोडीला गेलेल्या बाईकडे बघते. रात्री तिचं खाली झालं, तरी सकाळी तिला फडात उभं राहावं लागतं, कारण खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. ती मोळी डोक्यावर घेते आणि गाडीवर चढवते. तिचं लेकरू कशाने गेलं, हे विचारायला तिथे कुणी नसतं. तिचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत कोण घेणार? रोजच्या मजुरीचा मोठा घास घेणारं ते इंजेक्शन तिला महिनोन्‌महिने कोण देणार? पांडुरंगा, तू विटेवर उभा आहेस. उभं राहून पाय कसे भरून येतात, ते तुला कळतं. सरकारच्या मनात शिर, आशाताईंच्या पायांना बळ दे, तालुक्याच्या दवाखान्यात ती तपासणी आणि ते औषध पोचव. ज्यांच्या हाती हे ठरवणं आहे, त्यांना तिची मोळी एकदा उचलून बघू दे.

ज्यांचं कारण सापडतच नाही, त्यांना तर मुळीच विसरू नकोस. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या की लोक म्हणतात, बरं झालं. पण त्या बाईला वाटतं, आता भांडायचं तरी कुणाशी? तिला सांग, की अशा बायकांपैकी बऱ्याचजणींना पुढे औषधाशिवायही मूल होतं. नॉर्वेतल्या स्ट्राय-पेडरसन दांपत्याने १९८४ साली लिहून ठेवलं आहे, की ज्यांच्यात काही कारण सापडलं नाही अशांपैकी ज्यांना गरोदरपणात वरचेवर बोलावून तपासलं, धीर दिला, मायेने सांभाळलं, त्यांच्यात शंभरातल्या ८६ जणींचं मूल टिकलं. ज्यांना तशी माया मिळाली नाही त्यांच्यात ३३ जणींचं. तो अभ्यास काटेकोर चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, म्हणून सगळं श्रेय मायेला देता येणार नाही. पण माया द्यायला आणखी पुराव्याची वाट कशाला बघायची? ती कुणाला अपाय करत नाही, तिला खर्च नाही, आणि ती आमच्या प्रत्येक घरात शिल्लक आहे.

जे गेले त्यांच्यासाठी आता मागते. दवाखान्याच्या फाइलवर ते आकडे होऊन राहिले आहेत. तुझ्या वहीत ते आकडे नसू देत. भागवतात सांगितलं आहे, की तू मोठा झाल्यावर, द्वारकेत नांदायला लागल्यावर, देवकीने तुझ्याकडे एकच हट्ट धरला: माझी गेलेली सहा लेकरं मला एकदा दाखव. तू तिला समजावत बसला नाहीस. तू बलरामाला घेऊन सुतळात बळीराजाकडे गेलास आणि ती सहाही आणून आईच्या मांडीवर ठेवलीस. तिला पान्हा फुटला. ती लेकरं प्यायली आणि मग आपल्या ठिकाणी परत गेली. म्हणजे इतकी वर्षं झाली, पुढे एवढा मोठा मुलगा झाला, तरी ती त्यांना विसरली नव्हती. आणि तू, तिचा देव, तिला 'आता विसर' असं म्हणाला नाहीस. हे आठवलं की मला वाटतं, माझंही न विसरणं तुला चालेल.

ती माझ्या मांडीवर परत आण, असं मी मागत नाही. ती तुझ्याजवळ आहेत, एवढं खरं असू दे. त्यांना त्यांच्या आईची बाजू सांग. त्यांना म्हणावं, तिला कळलं असतं तर तिने तुमच्यासाठी रोज सुया टोचून घेतल्या असत्या.

आता माझं स्वतःसाठी मागणं.

दुसऱ्या तपासणीचा कागद लवकरच हातात येईल. त्यावर 'आहे' असं लिहिलेलं आलं, तर मला धीर दे. कारण सापडलं की वाटही सापडते. पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासून गोळी, दिवस राहिले की इंजेक्शन, वेळच्या वेळी सोनोग्राफी, रक्तदाबावर डोळा, बाळाच्या वाढीवर डोळा. हे सगळं नेमाने पाळण्याची शिस्त दे, एकादशीच्या उपासाइतक्या निष्ठेने. बाळंतपणानंतरही माझ्या स्वतःच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागेल. लेकराच्या आनंदात आईला विसरू देऊ नकोस, कारण तिनेही जगायला हवं. कागदावर 'नाही' असं आलं, तर नको ते औषध मागत दारोदार फिरण्यापासून मला आवर, आणि जे कळलेलं नाही त्याच्यासह जगायला शिकव.

आणि दोन्ही कागदांनंतर मूल आलंच नाही, तर देवा, माझं आईपण खोटं ठरवू नकोस. कुणी मला अपुरी म्हटलं तर माझ्या आत त्याला होकार उठू देऊ नकोस. तुला माउली म्हणतात, आणि तू कुणाला जन्म दिला नाहीस. दत्तक घेतलेल्या घरांतही तूच पाळणा हलवतोस. आमच्या घरचा रस्ता तिकडे जाणार असेल तर तो दाखव, आणि तोही पहिल्याच मानाचा आहे हे आम्हाला कळू दे.

पांडुरंगा, मी खूप मागितलं. तू ऐकत राहिलास. यांतलं काय द्यायचं ते तुझं तू ठरव, पण एक मात्र टाळू नकोस. आज कुठल्यातरी घरात एखादी बाई दवाखान्यातून रिकामी परत येत असेल. तिच्या उंबऱ्यावर माणसं जमली असतील, आणि प्रत्येकाच्या जिभेवर काहीतरी असेल. त्यांच्यातल्या एकाच्या तोंडून तू बोल. म्हण, 'तुझं काही चुकलेलं नाही. कारण शोधू या, आणि शोधेपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे.' तिला एवढं ऐकू येऊ दे, देवा, आणि ते ऐकवणारं माणूस मला होता येईल तिथे मला कर.